रिकाम्या गव्हाणीचे दिवस

यंदा खजुराचा गूळ जरा लवकरच आला बाजारात. परवा सकाळी भाजीवाल्याच्या शेजारी मातीची मडकी मांडून एक म्हातारा बसलेला दिसला, आणि घरात मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा असताना मी अर्धा किलो गूळ घेऊन आले. सुनेनं नुसतं बघितलं. तिचं बघणं पुरतं. पण मला तो खायचा नव्हताच फारसा, झाकण काढून वास घ्यायचा होता. कोलकात्याच्या लोकांना या वासानं खीर म्हणजे पायेस आठवतो, तांदळाचे पिठे आठवतात. मला ओला चुना आठवतो, भाताचा पेंढा आठवतो, आणि भिंतीपलीकडून येणारं फार संथ, हिंदीतलं एक गाणं.

आम्ही तेव्हा कोलकात्यातच, खिदिरपूरला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, गोदीच्या कचेरीत होते. दोन खोल्या, लांबलचक व्हरांडा, आणि त्यात आम्ही, शिवाय हरीकाका आणि काकू. काका रोज गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत जायचे. व्हरांड्याच्या समोर एक बुटकी भिंत, आणि भिंतीपलीकडे कौलारू, पांढरं, आमच्या दोन खोल्यांहून थोडंसंच मोठं असं देऊळ. आई त्याला देऊळच म्हणायची. ते ल्यूथरन लोकांचं चर्च होतं. येणारी माणसं रांचीकडची आदिवासी. कोणी गोदीत हमाल, कोणी साहेबांच्या घरी आया, एकदोघी इस्पितळात नर्सा. ल्यूथरन म्हणजे काय असं मला त्या वयात कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की जे लोक नाताळचं गाणं नाताळाच्या आधी म्हणत नाहीत ते.

खरंच म्हणायचे नाहीत. त्यांचे तोपनो पाद्री याबाबत भलतेच कडक होते. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ. त्या दिवसांत वाट बघायची, आणि वाट बघण्याचीच गाणी म्हणायची. आनंदाची गाणी आलेल्यासाठी असतात, अजून न आलेल्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा भिंतीवर बसून नाताळची चाल गुणगुणले, तर काळा झगा सावरत सायकलवर चढणारा तो किडकिडीत माणूस पाय टेकून थांबला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मी भिंतीवरून उतरले. आईला मात्र तो माणूस आवडायचा. तिला पंचांग पाळणारं कोणीही आवडायचं. आमचा मार्गशीर्ष आणि त्यांचा आगमनकाळ दरवर्षी बरोबरच यायचे, त्यामुळे आई म्हणायची की त्यांचाही हा महिना पाळायचाच दिसतो, उगाच नाही.

आईचं त्या लोकांशी सूत जुळलं ते अनारशांवरून. पाद्रींची विधवा बहीण सलोमी चर्चच्या मागे दोन खोल्यांत भावाजवळ राहायची. ती एका दुपारी ओले तांदूळ कांडत होती, आणि भिंतीशी उभ्या आईला राहवेना. तांदूळ भिजवायचे, निथळायचे, कांडायचे, गूळ घालून मळायचे, तुपातेलात सोडायचे. त्याला ती माणसं अरसा म्हणत. आई त्या दिवशी घरात शिरली ती हरखूनच. अहो, आपले अनारसेच की, नुसती खसखस तेवढी नाही, बाकी रेसभर फरक नाही, असं नानांना तीनतीनदा सांगत होती. लग्न होऊन साताऱ्याहून इतक्या लांब आलेल्या बाईला एवढ्या मोठ्या शहरात कोणीतरी आपल्यासारखं पीठ मळणारं सापडलं होतं. आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. सलोमीचं हिंदीही तिच्या गावाकडच्या वळणाचं. पण दोघींचं तासन् तास चालायचं, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

त्या वर्षी, स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली असतील, काकूला दिवस होते.

हे वाक्य मी आता सहज लिहिलं. तेव्हा घरात ते कोणी बोलत नव्हतं. काकूचे दोन गेले होते. पहिला मुलगा, सांगलीला माहेरी झाला, रडलाच नाही. दुसरी मुलगी इथे झाली, सकाळी आली आणि दिवेलागणीला गेली. दोघांचं बारसं झालं नव्हतं, म्हणून नावं नव्हती. नावं नव्हती म्हणून पुढचं काहीच नव्हतं. ना श्राद्ध, ना तिथी, ना कोणी काढलेली आठवण. सगळ्या मोठ्या बायकांनी काकूला एकच सांगितलं होतं, विसर. काकांना कोणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं. ते संध्याकाळी येऊन बुटांना पॉलिश करत बसायचे. आधीच चकाचक असलेल्या बुटांना.

दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, त्यामुळे या खेपेला ताकसुद्धा फुंकून पीत होतो. डोहाळजेवण नाही. बाळासाठी चिंधीसुद्धा घरात आणायची नाही. बाळ हा शब्द काढायचा नाही. काकूला काही हवं का असं विचारतानाही आई 'तुला' म्हणायची, 'तुम्हा दोघांना' कधी नाही. सगळं घर श्वास धरून होतं. आणि काकू, बिचारी, त्या श्वास धरलेल्या घरात दिवसभर रिकाम्या हातानं बसायची.

म्हणून सलोमीनं तिला शुक्रवारी दुपारी बोलावलं तेव्हा आईनं नाही म्हटलं नाही. त्या बायका आगमनकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये सतरंजी अंथरून बसत आणि मंडळीतल्या लेकरांसाठी नाताळचे कपडे शिवत. झबली, कुंच्या, छोटे सदरे. काकूचा हात शिवणात फार सुरेख. आईनं जरा विचार केला आणि म्हणाली की दुसऱ्यांच्या मुलांचं शिवायला काही हरकत नाही, ते आपलं नव्हे. मी काकूबरोबर गेले. हिवाळ्याचं ऊन आत तिरकं येत होतं, नव्या चुन्याचा वास, आणि बायका शिवता शिवता वाट बघण्याचं गाणं म्हणत होत्या, एकीचा आवाज वर, एकीचा खाली, सगळ्या मिळून एक. आमच्याकडे आरतीत जो पुढे पळेल तो पुढे. इथे सगळ्या एकमेकींसाठी थांबत होत्या, हे मला त्या वयातही कळलं आणि फार बरं वाटलं.

काकू दारातच थांबली होती. तिचं शिवणाकडे लक्ष नव्हतं. वेदीच्या समोर एक लाकडी गव्हाण ठेवली होती. गोदीतल्या कुणा सुतारानं खोक्याच्या फळ्यांची बनवलेली, पाळण्याएवढी, आत पेंढा. आणि पेंढ्यावर काही नाही. ते लोक ती चारही आठवडे तशीच ठेवतात. येशूबाळ नाताळच्या संध्याकाळी ठेवायचं, त्याआधी नाही. काकूनं एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं आणि वळली. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढचं सांगायचं तर आमच्या आईला ओळखायला हवं. आई म्हणजे बसल्या जागी हळहळणारी बाई नव्हे. गरोदर बाईच्या डोळ्यांपुढे रिकामा पाळणा, म्हणजे नसतं लचांड. कोणाचा का असेना. गव्हाण म्हणा की पाळणा म्हणा, बाळासाठीच ना? मग त्यावर आपल्याकडे उपाय आहे. बारशाला बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची गुंडाळून आपण पाळण्याच्या खालून वरून फिरवतोच की नाही? पाळणा पहिल्यांदा दगडानं भरायचा, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं.

शनिवारी संध्याकाळी चटणी वाटायला वरवंटा सापडेना. नानांनी विचारलं, तर आई म्हणाली, कामाला गेलाय.

रविवारी सकाळी पलीकडे गाणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं. आधी पोरांचं हसू ऐकू आलं. मग तेही थांबलं, आणि ती शांतता मला हसण्यापेक्षा वाईट वाटली. उपासना संपल्यावर तोपनो पाद्री आमच्या व्हरांड्यात आले, काळ्या झग्यातच. काखेत आमचा वरवंटा. नानांच्या जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेला, काजळाचे डोळे रेखलेला, गालावर तीट. एरवी मी हसून लोळले असते. पण त्यांचा चेहरा बघून मी खांबाच्या मागे सरकले.

त्यांनी तो अगदी जपून खाली ठेवला, आणि विचारलं, हे कोणाचं? आई म्हणाली, आमचं. मग ते बोलले. आवाज चढवला नाही. त्यांच्या आजोबांनी दगडांपुढे कोंबडी कापली होती. ते सगळं सोडताना गावानं त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. आणि आज त्यांच्याच वेदीपुढे, त्यांच्याच मंडळीसमोर, काजळ घातलेला दगड निघाला होता. मंडळीतली म्हातारी माणसं विचारत होती की पाद्रीबाबा, आपण परत तिकडे चाललो का. आईला यातलं काही स्वप्नातही सुचलं नव्हतं. तिचा चेहरा एवढासा झाला. ती आपल्या मोडक्या हिंदीत पूजा नाही, देव नाही, बाळासाठी केलं, असं काहीबाही सांगू लागली, आणि ते तिला समजावू लागले की ती जागा रिकामी ठेवणं हीच त्यांची उपासना आहे.

तेवढ्यात काकू बाहेर आली. ती परक्या पुरुषासमोर कधी बोलायची नाही. व्हरांड्याच्या खांबाला धरून ती उभी राहिली आणि तिच्या हिंदीत, जे आईच्यापेक्षा बरं होतं, सावकाश म्हणाली, "पाद्रीबाबा, तुमचा येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला ती रिकामी बघवते. माझे दोन गेलेत."

इतक्या वर्षांत ते वाक्य तिनं आमच्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं होतं. काका आत होते. ते बाहेर आले नाहीत, पण बुटांवरचा ब्रश थांबलेला मी ऐकला.

पाद्रींनी खाली ठेवलेल्या वरवंट्याकडे बघितलं. मग म्हणाले की गव्हाण मला भरता येणार नाही, माझ्या हातात नाही ते. नमस्कार केला आणि गेले. आम्हाला वाटलं, संपलं. आता भिंतीपलीकडचं येणंजाणं बंद, अरसे बंद, सगळं बंद. आई दोन दिवस स्वतःवरच चिडचिडत होती. वरवंट्याचं काजळ तिनं चिंचेनं घासून काढलं.

आणि शुक्रवारी दुपारी सलोमी आमच्या व्हरांड्यात हजर. मागे सगळ्या बायका. सतरंजी त्यांनीच आणलेली, शिवणाची बोचकीही. 'यीशु सहाय' म्हणून सगळ्या बसल्या, जशा काही वर्षानुवर्षं तिथेच बसत होत्या. कोणी काही समजावलं नाही. चर्चमधली गव्हाण रिकामीच राहिली, पाद्री त्यात तसूभर हलले नाहीत. पण काकूला ती बघायला लागू नये म्हणून सगळं शिवण भिंत ओलांडून आमच्याकडे आलं. मग दर शुक्रवारी आलं. आई चहा करायची, त्या अरसे आणायच्या, आणि नदीवरून जहाजाचा भोंगा झाला की सगळ्या गाणं तेवढ्यापुरतं थांबवायच्या. काकू झबल्यांना फीत लावायची. सलोमीच्या शेजारी बसायची आणि खालमानेनं तिच्याशी काहीतरी बोलत राहायची. काय ते मला ऐकू यायचं नाही. मी जवळ सरकले की दोघी गप्प. मला त्याचा फार राग यायचा.

नाताळ आला. दुपारी चर्चच्या अंगणात मांदर, म्हणजे त्यांचे ढोल, वाजले, बायापुरुष हातात हात गुंफून गोल नाचले, आणि सकाळी काळ्या झग्यात असलेले पाद्रीसुद्धा त्या गोलात शिरले. ते पाहून आई पदर तोंडावर धरून हसली. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर काकू म्हणाली, चल. आम्ही दोघी आत गेलो. गव्हाणीत पेंढ्यावर मातीचं गोरंगोमटं बाळ होतं, कृष्णनगरच्या कुंभाराकडून आणलेलं. काकू बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांचा आला." एवढंच. तिचे दिवस त्याच सुमाराला भरतील असा सगळ्यांचा अंदाज होता, आणि तो चुकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून अवकाश आहे. जानेवारी उजाडला. पाद्रींनी ठरल्या दिवशी गव्हाण उचलली, तोरणं उतरवली. त्यांचं वर्ष पुढे सरकलं. आमच्याकडे पौष लागला. आईनं पंचांग मिटून ठेवलं, कारण पौषात काही चांगलं वाचायला मिळायचं नाही हे तिला न उघडताही ठाऊक होतं.

शिवण तर संपलं होतं. कपडे वाटून झाले होते. तरी शुक्रवारी सलोमी आलीच, मागोमाग बाकीच्याही आल्या. हातात काही नाही. बसल्या आणि गाऊ लागल्या, तेच, वाट बघण्याचं. मी शहाणी. मला त्यांचं सगळं कॅलेंडर आता पाठ. मी सलोमीला म्हटलं की हे गाणं आता नाही म्हणायचं, तुमचा तो काळ संपला, पाद्रीबाबा रागावतील. सलोमीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पाद्रीबाबाने ही कहा है. इस घर का अभी बाकी है."

एवढं सांगते, की आयुष्यात पुढे मी पुष्कळ ठिकाणी वाट बघितली. इस्पितळांच्या बाकांवर, स्टेशनांवर, नवऱ्याच्या शेवटच्या आजारात रात्ररात्र. माझी माणसं भली, ती यायची, धीर द्यायची, काही होणार नाही म्हणायची. सलोमी आणि त्या बायकांनी काकूला एकदाही काही होणार नाही असं म्हटलं नाही. त्या फक्त येऊन बसल्या. मला ते अजून जमत नाही. माझ्या तोंडून धीराचे शब्द निघतातच, आणि समोरचा माणूस नजर फिरवतो.

काकूला कळा सुरू झाल्या तो शुक्रवारच होता. डॉक्टरीणबाई आत, आई आत. काका व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरे. बायका नेहमीच्या जागी बसून गात होत्या, अगदी हळू, ऐकणाऱ्याला त्रास होणार नाही असं. पाद्री भिंतीपलीकडे उभे होते, आत आले नाहीत. ऊन उतरलं. एकदा गाणं थांबलं, कारण आत काहीच आवाज येत नव्हता. मग रडणं आलं. चिडकं, मोठं, थांबायचं नाव न घेणारं.  आई दारात आली, "मुलगी. रडतेय," म्हणाली आणि तिथेच उंबऱ्याशी खाली बसली. सलोमीनं तिला कवेत घेतलं. काका वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

बारसं व्हरांड्यातच झालं. वरवंटा परत धोतरात गुंडाळला गेला, आणि पाळण्याच्या खालून तो घेणारी सलोमी होती. पाद्री दाराशी उभे राहून बघत होते. दगड एका बाईच्या हातून दुसरीच्या हातात जाताना त्यांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्यासारखं काहीतरी आलं.  मग त्यांनी दोन अनारसे खाल्ले. मुलीचं नाव सुमन ठेवलं.

हे इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण त्या लोकांचं वर्ष आपल्यासारखं चैत्रात सुरू होत नाही. ते आगमनकाळात सुरू होतं, आणि त्याआधीचा शेवटचा रविवार ते गेलेल्यांसाठी राखून ठेवतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर, सुमन आधार धरून उभी राहायला लागली होती तेव्हा, सलोमी आली आणि म्हणाली की या रविवारी काकूनं यावं, आणि काकांनाही आणावं. काका हो म्हणाले, ते का, देव जाणे. गेले मात्र. काळी टोपी, चकचकीत बूट. आत नाही शिरले. उघड्या खिडकीशी अंगणात उभे राहिले, शेजारी मी. काकू आत, बायकांच्या बाजूला, कडेवर सुमन.

पाद्री वर्षभरात गेलेल्यांची नावं घेऊ लागले. एक नाव, मग छोट्या घंटेचा एक टोला, मग शांतता. मग दुसरं नाव. गोदीत साखळी तुटून गेलेला एक माणूस. एक म्हातारी. कोणाचं आठ दिवसांचं मूल, त्याचंही नाव, त्यालाही टोला. नावं संपली. हातातला कागद त्यांनी मिटून बाजूला ठेवला, वर बघितलं, आणि म्हणाले, आपल्या शेजारच्या घरातली दोन लेकरं.

"केशव," ते म्हणाले. टोला झाला. ते थांबले. "इंदू." पुन्हा टोला.

मंडळीतलं कोणी मागे वळून पाहिलं नाही. काकू ताठ उभी होती. तिनं ती नावं कधी ठेवली होती, कोणाला ठाऊक. सलोमीनं शिवता शिवता विचारलं होतं म्हणे, तुझ्या दोघांची नावं काय. तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

उपासना संपली आणि काकू बाहेर आली. काका खिडकीशी तसेच उभे होते. त्यांनी फार हळू विचारलं, "ही नावं कोणाची?"

"आपल्या मुलांची," काकू म्हणाली.

काकांनी टोपी काढली. चर्चमध्ये शिरले नव्हते, पण टोपी काढून छातीशी धरली. ओठ हलले. आधी मला वाटलं, ते काही स्तोत्र म्हणताहेत. मग ऐकू आलं. शाळेत मुलाचं नाव घालताना बाप सांगतो तसं, पूर्ण, आपलं नाव मध्ये घालून, ते एकेक शब्द म्हणत होते.

"केशव हरी खांबेटे. इंदू हरी खांबेटे."